आईच्या नडग्यांवरची जाळी

आईच्या गुडघेदुखीला औषध एकच, विजेची शेगडी. सुरतेत थंडी ती कसली! पण घरात नुकतंच केबल आलेलं, आणि मालिका संपेपर्यंत आई साडी वर खोचून, शेगडीजवळ पाय पसरून बसायची. होता होता नडग्यांवर तपकिरी जाळी उमटली, ती घासून निघेना. वडील प्रिंटिंग मिलमध्ये होते. ते म्हणायचे, "आमच्या शेठला दाखवू नकोस, उद्या साडीवर छापेल." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शेक बंद करा, डाग जातील. आईनं डॉक्टरीणबाईच बंद केल्या.

अशात सुरतेतल्या गोडादरा भागात, आमच्या गल्लीत लग्न निघालं. नवरदेवाची आत्या धुळ्याहून आली आणि खापरावरचे मांडे कोण करणार म्हणून तिनं बायका गोळा केल्या. मातीचं खापर पालथं घालायचं, खाली लाकडाचा जाळ, वर हातभर रुंद पुरणपोळी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मी करते."

"पाय दखाडा!" आत्या म्हणाली.

काकूंच्या नडग्या स्वच्छ. त्या काही सांगायला गेल्या, पण आत्या ऐकेल तर ना! तिची नजर त्याच घोळक्यात साडी वर खोचून उभ्या असलेल्या आईच्या पायांवर गेली होती. "हाई खरी मांडेवाली! जाळापुढे बसल्याशिवाय अशी जाळी पडत नाही."

मांडे सोडाच, आईला पोळी गोल लाटता येत नव्हती. पण गल्लीत तिला एरवी विचारतंय कोण? बाई लाजली आणि चक्क "हो" म्हणाली! उद्या वऱ्हाडाच्या पानात काय शेगडी वाढणार?

दुसऱ्या दिवशी आईनं पहिला मांडा हातांवर फिरवला. तो कोपरापर्यंत लोंबला, फाटला, अर्धा जाळात गेला आणि अर्धा आत्याच्या पायावर. आई रडकुंडीला आली. "आत्याबाई, माझी जाळी शेगडीची आहे. टीव्ही बघताना पडलेली."

बायका हसून लोळायच्या तेवढ्या बाकी. मेल्या सगळ्या! आईचं तोंड बघवेना मला.

काकू हसल्या नाहीत. ओलं पोतं पायांवर पसरून त्या जाळापुढे बसल्या आणि असा पातळ मांडा उतरवला की आत्यानं तो उजेडाला धरून पाहिला. "आम्ही पाय झाकून बसतो," एवढंच त्यांनी तिला सांगितलं. आई तोंड लपवून निघाली होती. काकूंनी तिचा पदर ओढून तिला शेजारी बसवलं. "वहिनी, पुरण भरून द्या. एकटीनं नाही व्हायचं माझ्यानं," म्हणाल्या, आणि अर्धं पोतं तिच्या नडग्यांवर टाकलं.