साडूंचा पक्का बंदोबस्त

आमच्या थोरल्या साडूंइतका संशयी माणूस सबंध मराठवाड्यात हुडकून सापडायचा नाही, आणि ते माझे साडू आहेत हे मी नांदेडात छाती फुगवून सांगतो. लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले, तेव्हा अशाच एका मोठ्या क्लासमध्ये ते कॉम्प्युटर सांभाळायला लागले. पोरांचे मार्क ठेवायला लिनक्सवर डेटाबेस सर्व्हर बसवायचा होता आणि मी पाहुणा म्हणून शेजारी चहा पीत होतो. बसवणं झटक्यात उरकलं. मग सुरू झाला बंदोबस्त. यंत्र पडद्यावर एकेक प्रश्न विचारी आणि साडू त्याला मोठ्यांदा उत्तर देत. बिननावाचे वापरकर्ते काढू का? "हाव, हाकलून दे समद्यायला!" मुख्य खात्यात बाहेरून येणं बंद करू का? "हे काय इचारून राहिलास?" पासवर्ड तर असा लांबलचक, की तो टाइप करताना त्यांचे ओठ पूजा सांगणाऱ्या गुरुजींसारखे हलत.

भूकंपात गावाकडचं घर गेल्यापासून भिंतींवर त्यांचा भरवसा उरला नव्हता. म्हणून सगळ्या मार्कांची सीडी ते दर रविवारी एसटीनं नांदेडला आणून माझ्या कपाटात ठेवत. "पाव्हणं, दोन्ही गावं एकदाच न्हाई हालायची," म्हणत. माझी बायको त्या सीड्या आपल्या पैठणीच्या घडीत जपे. दाजींची जोखीम म्हणजे काय ते तिलाच ठाऊक.

एकदा मात्र प्रकरण नोकरीवर आलं. मोठ्या चाचणीत पहिल्या येणाऱ्याची पुढची फी माफ होणार होती आणि पहिली आली उमरीची एक मुलगी. क्लासच्या मालकांना तिथं आपला भाचा हवा होता. त्यांनी मुख्य पासवर्ड मागितला. साडूंनी मार्क नुसते बघता येतील असं एक खातं उघडून दिलं. "बघा किती बी, सर. बदलायचं असंल तर आधी मला काढा."

सरांनी खरंच काढलं. पण त्यांनी आणलेल्या कुणालाही सर्व्हरच्या आत शिरता येईना आणि पालक तर निकाल मागायला दारात येऊन उभे राहिलेले. शेवटी होती तीच यादी लावावी लागली.

साडू घरी बसले. मेहुणी चिडचिड करायची, पण त्यांच्यावर नाही. एका दुपारी मी तिथं असताना त्या मुलीचे वडील तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन दारात आले. क्लासमधल्या कुणीतरी त्यांना सगळं सांगितलं होतं. "सर हायेत का?" त्यांनी विचारलं. साडू उठले आणि मालकांच्या बंगल्याकडे कसं जायचं ते त्यांना नीट समजावून सांगू लागले.

"त्ये न्हाई वो," ते म्हणाले. "तुमालाच भेटाया आलो, सर."

साडूंना त्या नावानं आजवर कुणी हाक मारली नव्हती. वडिलांनी पुढं केलेली पिशवी धरून ते तसेच उभे राहिले, आणि मला उगाच पाणी आणायला आत जावं लागलं.