शिडावरचं गवत

शिंचू शहरातल्या कार्ड बनवणाऱ्या कंपनीत को श्यूल्येनची एकतीस वर्षं गेली. पहिल्या वर्षी तिला मिळालेलं काम अगदी शाळकरी होतं. दवाखान्याचं कार्ड यंत्राला लावलं की पडद्यावर नाव उमटायचं, पण काही नावांतली चिनी अक्षरं संगणकाला ठाऊकच नव्हती. अशी त्रेचाळीस अक्षरं तिने चौकटीच्या कागदावर ठिपक्याठिपक्यांनी काढली आणि प्रणालीत घातली.

त्यातलं एक याओबाईंचं; काढून झाल्यावर तिने ते त्यांना दाखवलंही होतं. त्यांचा जन्म होडीवरचा. वडिलांनी नाव ठेवलं फान, म्हणजे शीड. पण त्यांच्या होडीचं शीड गवती चटईचं, म्हणून शिडाच्या अक्षरावर त्यांनी गवताची खूण चढवली. ते अक्षर याओबाईंखेरीज कुणाच्याच नावात नव्हतं.

यंदा हाताने घातलेल्या अक्षरांची ती जुनी सोय काढून टाकायचं ठरलं. बेचाळीस अक्षरं एव्हाना सगळ्या संगणकांना माहीत झाली होती. उरलं हे एक. एका अक्षरासाठी सगळी सोय जन्मभर सांभाळत बसायची का, हे नव्या साहेबाचं, त्सेंगचं म्हणणं खोटं नव्हतं.

"जुनं कार्ड चालेल ना, ताई?"

"चालेल. त्या अक्षराच्या जागी रिकामा चौकोन दिसेल."

"मग पत्र धाडू, साधं शीड लिहून नवं कार्ड घ्या म्हणून. गवत काय, काढलं तरी उगवतं."

श्यूल्येन हसली आणि तिने सही केली. सगळ्या चाचण्या पार पडल्या. पत्र गेलं, उत्तर आलं नाही.

दोन महिन्यांनी ती गुडघा दाखवायला दवाखान्यात बसली होती. नर्सने पडद्याकडे बघून हाक मारली, "चौकोन आजी, चला." दोघेतिघे हसले. काठी टेकत उठल्या त्या याओबाई.

त्या बाहेर येईतो श्यूल्येन थांबली. पत्राचं विचारलं, तर त्यांनी पिशवीतून न फोडलेलं पाकीट काढलं. पत्ता बरोबर होता, पण नावात चौकोन. दुसऱ्या कुणाचं असेल, म्हणून परत करायला त्या ते घेऊन हिंडत होत्या. पाकिटावरचं नावही नवी प्रणालीच छापते, हे श्यूल्येनच्या एकाही चाचणीत आलं नव्हतं.

तिने सगळं सांगितलं. सही आपलीच, हेही सांगितलं.

"कार्ड चालतंय ना, मग झालं," आजी म्हणाल्या. "आमच्या बाबांनीच अक्षर अवघड केलं. तुम्हा लोकांना उगाच ताप."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला घरी जाताना वाटत राहिलं.

पुढच्या खेपेला तिने कपाटातला तो जुना चौकटीचा कागद शोधून नेला. आजींनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला, मग तिच्याकडून पेन घेऊन शिडाच्या पोटात एक ठिपका दिला.

"हा राहिला होता."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

"मग तेव्हाच का नाही बोललात, आजी?"

"एवढं मन लावून काढलं होतंस, पोरी. एका ठिपक्यासाठी कुठे बोलायचं?"

कागदाची घडी करून त्यांनी ती कार्डामागे सरकवली. तेवढ्यात आतून पुन्हा हाक आली, चौकोन आजी. त्या लगेच उठल्या.