मागून बघायचे पुतळे

पुतळे मागून दाखवणारा जगातला एकमेव शिल्पकार म्हणजे आमचे साडूभाऊ. डहाणूपासून तलासरीपर्यंत चौकाचौकांत त्यांचे पुतळे उभे आहेत, आणि पाहुणा आला की ते त्याला स्कूटरवर घालून प्रत्येक पुतळ्याच्या पाठीशी नेऊन उभं करतात. पाहुणा पुढच्या बाजूला सरकला की त्याची कॉलर धरतात. "तिकडे काही नाही. समोरून कमिटीचा, मागून माझा." खोटं नाही ते. नाक फोटोसारखं हवं, छाती फोटोपेक्षा रुंद हवी, बोट उगारलेलं हवं, हे सगळं पुतळा बसवणारी कमिटी येऊन सांगते. मागे जाऊन आजवर एकाही अध्यक्षाने बघितलेलं नाही. म्हणून साडूभाऊंनी सगळी कला पाठींत ओतली.

त्यासाठी ते वाणगावच्या बाजारात लोकांच्या मागे मागे फिरतात. एकदा एका भाजीवालीने वळून विचारलं, "काय बघतो रे?"

"आजी, तुमचा डावा खांदा उतरलाय."

"पाट्या वाहून उतरला. वांगी घेतोस का?"

वांगी घरी आली. मेहुणी मला म्हणाली, "मला बघायला आले होते ना, तेव्हाही मी चहा देऊन वळले, त्यानंतरच यांनी मान हलवली."

तलासरीच्या पुतळ्यात मात्र त्यांचा जीव अडकला. तो पुढारी लहानपणी सावकाराच्या गवताचे भारे वाहून मोठा झालेला. समोरून कमिटीच्या हुकमाप्रमाणे ताठ. पण पाठीवरून तो भारा अजून उतरलेला नव्हता. सदऱ्याखालचे मणके दिसत होते. बघता बघता मीच थोडा वाकलो. साडूभाऊ म्हणाले, "ही पाठ जमली. बाकीच्या फोडल्यात तरी चालतील."

कमिटीने चौथरा बांधला तो भिंतीला खेटून. कधी कुणापुढे न वाकलेले साडूभाऊ अध्यक्षांकडे हात जोडून गेले. "दोन हात पुढे घ्या, दुसरं काही मागत नाही." अध्यक्ष प्रेमाने म्हणाले, "काका, मागून कोण बघतं? आणि भिंतीवर आम्हा सगळ्यांची नावं टाकायचीत." अनावरणाला साडूभाऊंना एक नारळ मिळाला आणि मांडवाच्या खांबामागची खुर्ची.

परवा आम्ही दोघं तिथे गेलो. हार घालायच्या पायऱ्या चढलो. पुतळा आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम हात जाईल एवढी फट आहे. साडूभाऊंनी खांद्यापर्यंत हात आत घातला आणि डोळे मिटले. मग मला म्हणाले, "घाल." मी घातला.

"मणके लागले?"

माझा हात आखूड. बोटांना नुसता भिंतीचा गिलावा लागत होता.

"लागले," मी म्हणालो.

"तिसरा बघ, जरा बाहेर आलाय. ओझं तिथे टेकायचं."

मी हात तसाच आत ठेवून बराच वेळ उभा राहिलो.