आठ भोकं आणि अर्धा डबा डांबर

चहा पिऊन घ्या आधी. हे ऐकताना तो नाकातून बाहेर आला तर मला बोल लावू नका. सगळी माझ्याच हातची करणी, दुसऱ्या कोणाचं नाव घ्यायचीही सोय नाही!

आमचे हे, धनराज, तालुक्याच्या बचाव पथकात पाणबुडे, तेव्हा अजून तात्पुरते. लहानपणापासून वैनगंगेत श्वास धरून तळाशी जायचे, गुंतलेली जाळी सोडवायचे. आता पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून खाली जायचंही शिकले. लोकांना त्याचं कौतुक. मला? हे पाण्यात गेले की मी काठावर उभी राहून आकडे म्हणते. शंभरापर्यंत वर नाही आले तर माझाच श्वास थांबतो! घरात तीन वर्षांची पिंकी, आणि बाप पाण्याखाली. सांगा, घोर लागणार की नाही?

म्हणून पथकासाठी कयाक, म्हणजे वल्ह्याची लहान अरुंद बोट, घ्यायची ठरली तेव्हा मी सरळच सांगितलं, "बोट मी निवडीन. नाईतर उद्यापासून पाण्यात पाय घालायचा नाई."

"तू? कयाक पाह्यली तरी आहे का कधी?"

"डोंगेवाल्याची पोरगी आहो मी!"

पथकाच्या साहेबांनी फोनवर दोन कयाकांचे फोटो पाठवले होते. पहिली मला लगेच आवडली. वरून बंद, मधे मोठं भोक, त्यात माणूस कमरेपर्यंत बसवायचा. पाळण्यात पोर घालावं तसा. पडायची भीतीच नाही!

"हेच घ्या."

ह्यांनी कपाळाला हात लावला. "अन पाठीवर सिलिंडर, पायात ते बदकावानी पंखे, असा पाण्यातून वर येऊन त्या भोकात शिरू कसा?"

"करून दाखवा."

मग काय! अंगणात रिकामा ड्रम आडवा पाडला. ह्यांच्या पाठीला पाण्यानं भरलेली कॅन बांधली आणि पाणबुडे ड्रममध्ये शिरू लागले. ड्रम घरंगळला, हे घरंगळले, कोंबड्या ओरडत छपरावर गेल्या. पिंकी टाळ्या पिटत म्हणते, "बाबा, पुन्हा!"

सासूबाई ओसरीवरून ओरडल्या, "लेकराच्या बापाचे हाल काऊन करून राह्यली वं?"

दुसरी कयाक वरून उघडी, रुंद. मागे सिलिंडर ठेवायला खळगा, बांधायला पट्टे, बाजूला धरायला कड्या. तिच्यासाठी खाट काढली. हे जमिनीवरून पोट टेकवून, पाय झटकून, कॅनसकट एका दमात खाटेवर!

"हेच!" मी म्हणाले. ह्यांनाही तीच हवी होती. साहेबांनी तीच मागवली, पण सांगितलं, "आधी तलावात चाचणी. बोटीचीही अन धनराजभाऊंचीही. जमलं तर दोघं पथकात पक्के." म्हणजे पाहा, निवड माझी बरोबर होती. तिथेच गप्प बसले असते तर आज हा किस्सा कशाला असता?

चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी कयाक टेम्पोतून अंगणात उतरली. हे सिलिंडर भरून आणायला चंद्रपूरला गेलेले, सकाळी साहेबांसोबत थेट तलावावरच येणार. मी मोठ्या कौतुकानं बोटीवरून ओला कपडा फिरवू लागले आणि माझ्या हाताचं बोट आरपार गेलं.

भोक!

पुढे पाहिलं, अजून एक. बसायच्या जागी, पाय ठेवायच्या जागी, सिलिंडरच्या खळग्यात. मोजली. आठ! खात्रीसाठी तांब्याभर पाणी ओतलं. सगळं खालून अंगणात. सोबत आलेल्या कागदावर इंग्रजी लिहिलेलं आणि एक चित्र होतं, बोटीखाली पाण्याचे थेंब. गळते, हे त्यांनी चित्र काढून कबूल केलेलं!

ह्यांना फोन लावला. कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. तेच.

"आई, नवऱ्याले बुडवाले बोट पाठवली वो कंपनीवाल्यांनी!"

सासूबाईंनी भोकात बोट घालून पाहिलं. "माय वं! चाळणीच आहे हे तं!"

आता माझं माहेर नदीकाठचं. माझे बाबा दरवर्षी डोंगा पालथा घालून चिंध्या आणि डांबरानं त्याची भोकं बुजवायचे. चिंध्या फाडून द्यायला मी. मुंगी शिरेल एवढं भोक दिसलं तरी बाबा डोंगा पाण्यात घालत नसत. आणि इथं तर कोंबडीचं पिल्लू गेलं असतं! डांबराचा डबा काढला, माझं जुनं पातळ फाडलं आणि आठही भोकं अशी ठासून बंद केली की बाबांनी पाठ थोपटली असती. काळं वाईट दिसू नये म्हणून वरून गोणपाट अंथरून बांधलं. केवढी हुशारी!

सकाळी तलावाच्या पाळीवर अर्धं गाव. साहेब घाईत. हे पाणबुड्याचा काळा सूट घालून आलेले, गोणपाट पाहून म्हणाले, "हे कायले?"

"ऊन लागते बसाले."

हे हसले आणि वल्हवत गेले. बोट झक्क तरंगली. मी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी माझ्याकडे. दोघी फुगून टुम्म!

आधी नुसता श्वास धरून बुडी. मी आकडे म्हणू लागले. सत्तरला वर आले, पोट टेकवून बोटीवर चढले. सोबत बादलीभर पाणी चढलं. पुन्हा बुडी, पुन्हा बादली. मग सिलिंडर बांधून. चौथ्या खेपेला हे बोटीत असे बसले होते जशी म्हैस डबक्यात बसते. पाणी बाहेर जायलाच तयार नाही! बोट डुलू लागली.

"धनराजभाऊ," साहेब ओरडले, "गंगाळात बसले काय?"

ह्यांनी गोणपाट उचललं. खालचं डांबर दिसलं. मग तलावाच्या मधोमधून हाक आली.

"संगीताऽऽऽ!"

आणि बोट कलंडली.

मी पिंकीला सासूबाईंच्या अंगावर टाकलं आणि लुगड्यासकट तलावात धावले. कोणाला वाचवायला? पाठीवर हवेचं सिलिंडर असलेल्या पाणबुड्याला! गळ्याइतक्या पाण्यात पोचले तर हेच मागून आले आणि माझी बखोट धरून मला काठाला लावलं.

"बाई," साहेबांनी विचारलं, "भोकं कोणं बुजवली?"

"गळत होती जी," मी म्हणाले.

"गळत नाई! पाणबुड्या चढला का त्याच्यासंगं येते ते पाणी त्यातूनच खाली जाते. बोट आतून बंद, पोकळ. ते बुडत नाई."

मला अजून पटेना. तेव्हा हे दात ओठ खात म्हणाले, "आपल्या न्हाणीले भोक आहे न? ते काऊन नाई बुजवलं?"

सगळी पाळ हसली. सासूबाई सगळ्यांत मोठ्यानं! काल चाळणी म्हणणारं तोंड हेच बरं का.

मग खुरप्याच्या दांड्यानं माझं पातळ एकेका भोकातून बाहेर निघालं. पुन्हा चाचणी झाली. हे चढले, पाणी गटगट खाली गेलं, बोट हलली नाही. दोघंही पक्के. मी आकडे म्हणणं सोडलेलं नाही, पण आता दीडशेपर्यंत थांबते.

साहेबांनी जाताना एकच सांगितलं, बोटीवर मराठीत सूचना लिहून घ्या. घरात अक्षर बरं माझंच, सातवी शिकलेली. ब्रश माझ्या हातात आला. मी खाली बसून मोठ्या अक्षरांत लिहीत होते.

पिंकी जवळ आली. "आई, काय लिवून राह्यली?"

"भोकं बुजवू नका."

तिनं बोटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "असं कोण बुजवते वं?"

मी ब्रश पुन्हा डब्यात बुचकळला. डांबर अजून अर्धा डबा उरलं होतं.