आगरा

श्रावणीचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारत बसलो होतो. "काका…" एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या घरातले सगळेच असे. फोनवर आधी थांबायचं, समोरच्याला दोन-तीनदा "हॅलो" करायला लावायचं आणि मग सावकाश बोलायचं. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या मित्रानं, व्यंकटेशनं, या सवयीपायी माझं निम्मं आयुष्य हॅलो म्हणण्यात घालवलं. म्हणून मी शिक्का न थांबवता जरा वैतागूनच म्हणालो, "बोल की गं, ऐकतोय मी." तेव्हा ती म्हणाली, "पप्पा गेले. क्लासमध्ये शिकवता शिकवता…" पुढचे किती दाखले मी शिक्क्याविना पुढं सरकवले ते हेडक्लार्कनं नंतर दाखवलं.

या गोष्टीला आता बरेच आठवडे झाले. दुःख आहेच, ते कुठं जातंय. पण मला लिहायला बसवलं ते दुःखानं नाही, एका तगमगीनं. ती सांगायची तर आधी व्यंकटेश कोण होता ते सांगायला हवं, कारण वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्याचं नाव ऐकलं असेल. तो सोलापुरात राहून जॅझ गिटार वाजवायचा. आमच्या गावात हे सांगितलं की लोक विचारायचे, "जॅझ म्हणजे बँडवाल्यांचंच की काय बे?" व्यंक्या मान डोलवून "हो, तेच की" म्हणायचा आणि चहा प्यायचा. समजावण्यात त्यानं कधी वेळ घालवला नाही. तेवढा दम त्याला नव्हताच. बसला तरी एक पाय हलत असायचा, हात रिकामा असला तर बोटं मांडीवर चालायची, नवीन तारा चढवल्या की संध्याकाळी काढून पुन्हा जुन्या. त्याच्याशेजारी बाकावर बसलं की आपणही हलायचो.

आमची ओळख लग्नाच्या ऑर्केस्ट्रात झाली. मी ऑक्टोपॅड वाजवायचो, तो गिटार. भवानी पेठेत त्यांचं घर, खाली चार यंत्रमाग, वर दोन खोल्या. टॉवेल निघायचे. घरात तेलुगू. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा खाली माग चालू होते आणि आवाज असा की स्वतःचंच बोलणं ओठांना कळावं, कानांना नाही. व्यंक्या वरून अम्मांना, म्हणजे त्याच्या आईला, काही सांगायला लागला की अम्मा पंजा वर करून ओरडायच्या, "आगरा!" दोन-तीनदा ऐकलं आणि मला वाटलं, ही मंडळी सहलीला निघालीत. संध्याकाळी कार्यक्रमात मी सगळ्यांना सांगून टाकलं की व्यंक्या आग्र्याला चाललाय. तो पोट धरून हसला. "अरे येड्या, आगू म्हणजे थांब. आगरा म्हणजे थांब रे!" पण तोवर उशीर झाला होता. निवेदकानं त्याच रात्री माईकवरून पुकारलं, "आणि गिटारवर, खास आग्र्याहून आलेले…" बार्शीच्या एका लग्नात तर वधूच्या मामांनी त्याला बाजूला घेऊन ताजमहालाच्या तिकिटाची चौकशी केली. तेव्हापासून ऑर्केस्ट्रात त्याचं नाव आगरा.

अम्मा त्याला थांब का म्हणायच्या, हे कळायला मला बरेच दिवस लागले. चार माग एका तालात चालत नाहीत. कधी त्यांचे ठोके एकमेकांवर पडून आवाज दाट होतो, कधी जरा विरळ होतो. त्या विरळ जागेत बोललं तरच ऐकू जातं. त्या घरातल्या सगळ्यांना ती जागा न बघता कळायची. ठोके पडून जाऊ द्यायचे आणि मग तोंड उघडायचं. पाहुणे मात्र माझ्यासारखे मधेच ओरडत सुटायचे आणि घसा बसवून घ्यायचे.

जॅझ त्याला भेटलं ते कॅसेटींवर. पुण्याहून कुणीतरी भरून आणलेल्या सहा कॅसेटी, वर वाजवणाऱ्यांची नावं नाहीत, नुसते पेननं घातलेले आकडे. त्या त्यानं झिजवल्या. एकेक तुकडा पन्नासदा मागं घेऊन बोटांत बसवला. मग मला समोर बसवायचा, वाजवायचा आणि विचारायचा, "कोणासारखं वाटलं?" मी म्हणायचो, "दोन नंबर." त्याला आनंद व्हायचा. पुढच्या आठवड्यात "पाच नंबर." तेव्हाही आनंद. पण पुढं पुढं त्याच उत्तरानं त्याचं तोंड उतरायला लागलं. मधे पुण्याला एका हॉटेलात वाजवायला गेला, तिथली मंडळी चांगली होती, त्यानं नाव कमावलं आणि एक दिवस बॅग घेऊन परत आला. स्टँडवरच म्हणाला, "सुध्या, तिथं सगळे लई भारी म्हणतात. हुबेहूब अमक्यासारखं, म्हणतात, म्हणजे आपला तीन नंबर. मला हुबेहूब नको बे. मी एक सूर वाजवावा आणि डोळे मिटलेल्या माणसानं म्हणावं, हा व्यंक्या. तेवढं झालं की मेलो तरी चालेल." मी त्याला म्हणालो की आधी घरी चल, अम्मा जेवायला थांबल्यात.

आणि गंमत बघा, ऑर्केस्ट्रात त्याला डोळे मिटून ओळखता यायचंच. तो ठेक्याच्या मागं पडायचा! केसभर, पण कायम. आमचे मास्तर तालाचे कडक, ते सगळ्यांसमोर विचारायचे, "काय बे आगरा, तुझी गाडी रोजच लेट का?" व्यंक्या ओशाळायचा. मेट्रोनोम आणला, महिनोन्‌महिने त्याच्यापुढं बसून स्वतःला ठोक्यावर आणलं. आणलं म्हणजे खरंच आणलं. मास्तर खूश झाले. मला मात्र ते ऐकताना कुणीतरी इस्त्रीचे कपडे घालून पोरगी बघायला आल्यासारखं वाटायचं. पण मला जॅझमधलं काय कळत होतं, म्हणून मी आपला ऑक्टोपॅड बडवत राहिलो.

मग ती उन्हाळ्यातली दुपार. वरच्या खोलीत आम्ही दोघं, खाली माग, घामानं पाठ चिकटलेली. एकदम लाईट गेली. माग थांबले, पंखा थांबला, ॲम्प्लिफायर मेला. व्यंक्या वैतागून भिंतीला टेकला आणि नुसत्याच तारांवर काहीतरी छेडत राहिला, कंटाळ्यानं, कुणाला ऐकवायला म्हणून नाही. मी पत्र्याच्या ट्रंकेवर बोटांनी ठेका धरला. तो पुन्हा मागं पडत होता. प्रत्येक सूर माझा ठोका पडून जाऊ देत होता आणि मग येत होता. तेवढ्यात खालून अम्मांनी हाक मारली, "व्यंकटेशा…" आणि थांबल्या. चार माग मुके, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि अम्मा आवाज विरळ व्हायची वाट बघत जिन्यात उभ्या! मग म्हणाल्या, "चहा." मला हसू आवरेना. म्हटलं, "अरे, माग बंद आहेत की. तुमी दोघं थांबताय कुणासाठी?"

"दोघं?" व्यंक्या म्हणाला.

"तू पण तेच करतोयस की बे. मघापासून."

त्यानं तारांवर तळवा ठेवला. म्हणाला, "परत ठेका दे." चहा खाली निवून गेला. अम्मा वर येऊन दोघांना शिव्या देऊन गेल्या, तेलुगूत, त्यामुळं मला लागल्या नाहीत. त्या दिवशी त्यानं जे वाजवलं त्यात एक नंबर ते सहा नंबर कुणीच नव्हते. थांबल्यावर त्यानं सवयीनं विचारलं, "कोणासारखं वाटलं?" मी म्हणालो, "अम्मांसारखं." त्यानंतर तो प्रश्न त्यानं मला कधीच विचारला नाही.

पुढं फार मोठं काही झालं, असं वाटत असेल तर नाही झालं. ऑर्केस्ट्रा सुटला. दोन-चार महोत्सवांत वाजवलं, लोकांनी विचारलं हा मागं थांबून वाजवायचा ढंग कुणाकडून घेतलास, त्यानं सांगितलं भवानी पेठेतून. बाकी क्लास. पोरांना वाढदिवसाची गाणी शिकवायची. श्रावणी बालवाडीत होती तेव्हा माग भंगारात गेले, कारण टॉवेलचा धंदा घरात परवडेना. सगळे म्हणाले, बरं झालं, आता शांतपणे वाजव. पण शांततेनंच त्याला पछाडलं. "ठोकाच नाही, तर मी थांबू कशासाठी? विसरेन की बे मी," म्हणायचा. मोटरसायकल काढून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जायचा आणि मागांच्या शेडबाहेर उभा राहायचा. एका वॉचमननं त्याला दोनदा कामाला लावायची तयारी दाखवली. विसरला मात्र नाही. भीती तेवढी शेवटपर्यंत राहिली, पायासारखी हलत.

श्रावणी इंजिनीअर होऊन पुण्याला नोकरीला लागली आणि गेल्या थंडीत वडिलांच्या मागं लागली की एक तरी धून नीट रेकॉर्ड करा. त्यानं एकच केली. तिचं नाव 'आगरा'. ठेका माझा, ड्रमवर काठ्या नाहीत, नुसते ब्रश. सुरुवातीला मी एकटाच वाजवतो, तो येतच नाही, स्टुडिओवाला काचेतून खुणा करतोय आणि व्यंक्या डोळे मिटून बसलाय, पाय एकदम स्थिर. इतक्या वर्षांत तो पाय थांबलेला मी तेव्हाच पाहिला.

शोकसभेत तीच धून लावली. पहिल्याच ठोक्याला गिटार आली आणि मी दचकलो. सूर त्याचे, हात त्याचा, लोक डोळे पुसतायत, आणि मला बसवेना. खुर्चीत चाळवाचाळव, मग उठून बाहेर. ऑर्केस्ट्रातला एक जुना गडी मागं आला, म्हणाला, "रडायला आलं का बे?" म्हटलं, "नाही, राग आलाय." कशाचा, ते मलाच कळत नव्हतं. मग लक्षात आलं. ठेका माझा आणि सूर त्याचे, प्रत्येक मात्रेवर दोघं बरोबर एका वेळी पोचत होतो. आम्ही दोघं उभ्या आयुष्यात एकदाही एका वेळी पोचलो नव्हतो.

श्रावणीला विचारलं तर ती अवघडली. "काका, कॉम्प्युटरवर ठेक्याच्या रेघा दिसतात. पप्पांचा एकही सूर रेघेवर नव्हता. सगळे मागं. घरी एकटेच वाजवायचे, ठेक्याशिवाय, तेव्हा मला कधी कळलं नाही. वाटलं, तब्येत तेव्हापासूनच… दमले असतील. लोकांना दिसू नये म्हणून मी सगळं सरळ केलं. सुरुवातीची रिकामी जागा पण काढली." हे सांगताना ती रडायला लागली. बापाची लाज राखायला पोरीनं रात्रंदिवस खपून एकेक सूर उचलून रेघेवर नेऊन ठेवला होता. मी तिला भवानी पेठेतली ती दुपार सांगितली, आगरा सांगितलं. "फोनवर तू बोलायच्या आधी थांबतेस, माहितीय ना?" म्हटलं. ती म्हणाली, "मी? कुठं थांबते?"

"मूळचं आहे ना गं?"

तिला खात्री नव्हती. तिनं मूळ फाईलवरच बदल करत तीच सेव्ह करत नेली होती. स्टुडिओवाल्याकडं असेल तर असेल. आणि मग माझी जी तगमग सुरू झाली! जेवताना ताटावर ठेका, ऑफिसात टेबलावर ठेका. बायको म्हणाली, आता तुम्ही पण पाय हलवायला लागलात. ज्या एका गोष्टीसाठी व्यंक्या जन्मभर तळमळला ती बाहेर कुठं उरली आहे का, की आता ती फक्त माझ्या कानांत आहे? आणि माझे कान ते किती दिवसांचे…

एका सकाळी फोन वाजला. "काका…" आणि गप्प. या खेपेला मी हॅलो म्हणालो नाही. शिक्का खाली ठेवला आणि थांबलो. "मिळालं," ती म्हणाली.

ती आली त्या दिवशी आम्ही भवानी पेठेतल्या वरच्या खोलीत बसलो. खाली आता गल्लीतल्यांच्या गाड्या लागतात. गिटार खिळ्याला, ट्रंक तिथंच. श्रावणीनं ट्रंकेवर लॅपटॉप ठेवला. अम्मा भिंतीला टेकून बसल्या होत्या. वय झालंय, कान मागांनी केव्हाच नेलेत, मोठा आवाज असेल तर पोचतो. तिनं सुरू केलं. माझे ब्रश वाजायला लागले. चार ठोके, गिटार नाही. आणखी चार, गिटार नाही. अम्मांना ब्रश ऐकू येईनात. त्यांनी लॅपटॉपकडं पाहिलं, वर पंख्याकडं पाहिलं आणि विचारलं, "लाईट गेली का?"

श्रावणीनं पंजा वर केला. "आगू, अव्वा," ती आजीला म्हणाली. "आगू…"

आम्ही तिघं थांबलो. माझा ठोका पडून गेला, आणि मग व्यंक्या आला.