सुई विकत मिळते

"दोन आहेत."

"एकच आहे."

"अहो, मला कान आहेत की नाही? दोन आहेत म्हणते ना मी. एकट्याच्यानं हे होणं नाही."

"एकच आहे. शंभरदा सांगितलं, एकच."

पडद्याआडच्या खाटेवर डोळे मिटून पडलेली लेक हे सगळं ऐकत होती. भिंतीपलीकडे शिंपीणकाकूही ऐकत होती, ते दुसऱ्या दिवशी कळलं. आईला जिन्यात गाठून ती हळूच म्हणाली, "एक काय नि दोन काय, बाहेरचं ते बाहेरचंच. तू आपली सरळ माहेरी निघून जा." आई आधी गोंधळली आणि मग पिशवी तशीच मांडीवर घेऊन पायरीवर बसून पोटभर हसली. भांडण बाईवरून नव्हतंच मुळी. ते एका पियानोवरून होतं.

बाप खिळ्यांच्या कारखान्यात होता. तिथली मशिनं एका अंगानं तार गिळायची आणि दुसऱ्या अंगानं खिळे थुंकायची. सगळे खिळे एका मापाचे, एका तोंडवळ्याचे. दिवसभर हेच बघणाऱ्या माणसाला संध्याकाळी काय सुचावं? बापालाही काही सुचत नव्हतं. मग एकदा कारखान्याच्या साहेबांनी घर बदललं. त्यांच्या अडगळीत एक जुना रेकॉर्ड प्लेअर निघाला, आणि सोबत रेकॉर्डांचा गठ्ठा. कुणाला नको होता, बापानं खांद्यावर घालून आणला.

त्या रेकॉर्डांवर जॅझ होतं, तेही एकट्या पियानोवरचं. ढोल नाही, बाजा नाही, गाणारं कुणी नाही. एक माणूस बसलाय आणि वाजवतोय, एवढंच. सूर ओळखीचा वाटावा इतका साधा, शिट्टीवर कुणालाही जमेल असा. आधी तो माणूस हा सूर नीट मांडून दाखवायचा, पाहुण्यापुढे ताट मांडावं तसा. आणि मग त्याला काय व्हायचं कोण जाणे. उजवा हात पायऱ्या गाळत धावत सुटायचा, मधेच वळायचा, कठड्यावरून घसरायचा, वाटेत सूर कुठल्या कुठे भिरकावून द्यायचा. आता पडला, असं वाटून बाप खुर्चीचा हात घट्ट धरायचा. पण पडायचा नाही. खाली डावा हात आपला बेतानं चालतच असायचा, आणि उजवा नेमका त्याच्या शेजारी येऊन उभा, सूर खिशात घेऊन, जसं काही झालंच नव्हतं.

"धरायला कोणी नाही त्याला," बाप म्हणायचा. "चुकला तर झाकायलाही कोणी नाही. तरी उडी टाकतो बघ."

"म्हणूनच म्हणते, दुसरा कुणीतरी आहे," आई शिवणातून मान वर न करता म्हणायची. "तो खाली बसलाय तो वेगळा."

"अगं, तो डावा हात. डावा घर सांभाळतो आणि उजवा हुंदडतो."

"म्हणजे आपल्यासारखंच. मग त्या डाव्या हाताला कुणी नावाजतं का, की तोही फुकटातलाच?"

यावर बाप उठायचा. तो रेकॉर्ड उलटी करायचा. आई बटणं लावत बसायची, आणि लेक पडद्याआडून ऐकायची. त्या घरातली सगळ्यात चांगली भांडणं ती हीच. अशी भांडणं आणखी बरीच वर्षं चालायला हवी होती.

कारखान्यात कानात घालायला कापसाचे बोळे मिळत. सगळे घालत, बाप घालत नसे. कटर बोथट व्हायला लागला की मशीनचा आवाज जरासा जाडा होतो, आणि तो बापाला सगळ्यांच्या आधी ओळखू यायचा. बोळे घातले तर कसा यावा? फोरमन चार लोकांत म्हणायचा, "आपल्याकडे मशीन तपासायचं मशीन आहे, ते दोन पायांवर चालतं." बाप हे घरी येऊन सांगायचा, आणि नको नको म्हणत पुन्हा सांगायचा.

लेक लग्न होऊन गेली त्या सुमाराला बापाला वाटायला लागलं की उजवा हात अंधुक झालाय. वरच्या टोकाच्या धावा ऐकूच येईनात. डावा ठीक होता, उजवा मात्र धुक्यात शिरल्यासारखा मधेच नाहीसा व्हायचा. सुई झिजली, बाप म्हणाला. चौकापलीकडे रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तिथून त्यानं नवी सुई आणली. चार दिवस बरं वाटलं, किंवा त्यानं वाटून घेतलं. पुन्हा तेच. पुन्हा सुई. दुकानदारानं यंत्र उघडून बघितलं आणि म्हणाला, "काका, याला काही झालेलं नाही." झालं. यंत्र चांगलं, सुई नवी, मग राहिलं काय? रेकॉर्डच.

त्या संध्याकाळी बापानं आईला समोर उभं केलं.

"तू यांना हात लावतेस का?"

"धूळ झटकते."

"कशानं?"

"फडक्यानं."

"ओल्या?"

लेक त्या दिवशी माहेरी आलेली होती. तिला अजून आठवतं, आईनं उत्तर द्यायला वेळ घेतला. गॅसवर किटली शिट्टी मारत होती आणि कुणीच उठत नव्हतं. आईनं एकदा किटलीकडे पाहिलं, एकदा बापाकडे.

"हो," आई म्हणाली. "ओल्या फडक्यानं पुसते मी."

बाप ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं यंत्र आणि रेकॉर्डा उचलून आतल्या लहान खोलीत नेल्या आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून संध्याकाळी तो आत, आई स्वयंपाकघरात. बटणं लावायची ती तिथंच, ओट्याजवळच्या स्टुलावर. जेवायला वाढलंय, वीज गेली, छत्री न्या, एवढंच बोलणं उरलं. कुणी आलं-गेलं की बाप सांगायचा, "वाजवून दाखवलं असतं, पण हिनं रेकॉर्डांची वाट लावली." आई पाण्याचे पेले ठेवून आत निघून जायची. दुकानातही दर खेपेला तेच, "बायकोनं रेकॉर्डा घालवल्या, निदान सुई तरी नवी हवी." लेकीला बापाचा राग यायचा, पण आईचाही यायचा. एवढ्या जपायच्या वस्तूला ओलं फडकं लावावं कशाला?

बाप निवृत्त झाला. मग आई आजारी पडली आणि अंथरुणालाच खिळली. लेक राहायला आली. एका दुपारी बाप औषधं आणायला बाहेर गेला होता. आईचं मन रमावं म्हणून लेकीनं लहान खोलीचं दार उघडलं, हाताला लागली ती रेकॉर्ड लावली आणि बाहेर येऊन पलंगाच्या कडेला बसली.

डावा हात आला. त्याच्या मागोमाग उजवा आला, स्वच्छ, घासलेल्या भांड्यासारखा. पायऱ्या गाळत वर गेला, अगदी टोकापर्यंत, तिथं जरा लटकला आणि पाण्यासारखा खाली आला. काहीही गेलेलं नव्हतं. लेक लहानपणी पडद्याआडून ऐकायची तसं सगळंच्या सगळं जागेवर होतं.

आईची बोटं पांघरुणावर हलत होती. वळण यायच्या आधीच बोटं वळत होती.

"तुला हे सगळं पाठ आहे," लेक म्हणाली.

"इतकी वर्षं स्वयंपाकघरात आणखी काय करत होते? दारातून ऐकू येतं की."

"आई, या रेकॉर्डांना काही झालेलं नाही."

"मला सांगतेस?"

"मग तू कबूल का झालीस?"

आईनं डोळे मिटले. दम लागत होता, तरी सांगायची हौस तिला होतीच. "किटली बोंबलत होती आणि ह्यांना पत्ता नाही. आधीच लक्षात आलं होतं माझ्या, पण त्या दिवशी खात्री पटली. कारखान्यात ह्यांची सगळी किंमत कानावर. कान गेले म्हटलं असतं तर हे दुसऱ्या दिवशी मशीनपाशी उभे राहिले असते? तळहात ठेवून ओळखायला लागले होते कटर, ह्यांच्याच बोलण्यातून कळायचं मला. स्वतःलाच माहीत नव्हतं."

"मग निवृत्त झाल्यावर तरी सांगायचंस."

"सांगून काय? सुई विकत मिळते, बाई. कान कुठल्या दुकानात मिळतो?"

रेकॉर्ड संपत आली होती. उजवा पुन्हा एकदा धावत सुटला. आई ऐकत राहिली आणि मग पुटपुटली, "काही म्हण. दोनच आहेत."

पुढच्या आठवड्यात ती गेली. लोक भेटायला आले, बसले, गेले. शिंपीणकाकू म्हातारी झाली होती, तिला तेवढं हुंदका देऊन रडू आलं. बाप खुर्चीत बसून होता. कोण काय बोलतंय ते त्याला आता कळतच नव्हतं. तो सगळ्यांकडे बघून मान हलवत होता आणि ते लोकांना धीराचं वाटत होतं.

मग एका सकाळी तो सवयीनं म्हणाला, "तुझ्या आईनं तेवढं एक केलं नसतं तर."

लेकीनं हातातली बशी खाली ठेवली. इतके दिवस तिनं तोंड आवरलं होतं. आईनं मरेपर्यंत झाकलं ते उघडायचा आपल्याला काय अधिकार, असं ती मनाशी म्हणत आली होती. पण आईचा दोष असा घरात बसून राहिला असता, बापाच्या मागंही राहिला असता, आणि खोडायला कुणी उरलं नसतं.

"आईनं काही केलेलं नाही," ती म्हणाली.

"काय?"

"आईनं पुसलेल्या नाहीत. रेकॉर्डा चांगल्या आहेत, बाबा."

"जरा मोठ्यानं."

ती ओरडली. तुमचे कान गेले, मशीनपाशी गेले, आईला माहीत होतं, तुमची नोकरी राहावी म्हणून तिनं अंगावर घेतलं. गळ्याच्या शिरा ताणून ओरडली. खालच्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज आला, समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघायला लागली. सगळ्या इमारतीला कळलं. बाप तिच्या ओठांकडे बघत होता. त्याला किती कळलं हे तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. ती थांबली तेव्हा तो उठून आत गेला. रेकॉर्ड लावली, यंत्राच्या लाकडी खोक्यावर तळहात टेकवला. बराच वेळ टेकवून होता. रेकॉर्डवरचा उजवा हात शर्थीनं धावत होता, आणि लेक दारात उभी राहून तो एकटीच ऐकत होती.

रेकॉर्ड संपली. सुई नुसतीच खरखरत राहिली, तरी त्यानं हात काढला नाही. शेवटी लेकीनं आत जाऊन यंत्र बंद केलं.

संध्याकाळी बापानं बूट घातले.

"कुठं निघालात?" तिनं हातानं विचारलं.

"सुई आणायला."

पुढं त्याचं बाहेर पडणं झालं नाही, त्यामुळे ही खेप शेवटची ठरली. पण निघताना ती खेप नेहमीसारखीच वाटली. लेक काळजीनं थोडं अंतर ठेवून मागून गेली. तो कठडा धरून जिना उतरला. चौकात गाडीचा हॉर्न ऐकू येणार नाही म्हणून नेहमी करायचा तसं एका शाळकरी मुलीच्या शेजारी उभा राहिला, आणि ती निघाल्यावर निघाला. दुकानदारानं त्याला पाहिलं आणि न विचारता मागच्या फळीवरून डबी काढली. दुकानातल्या यंत्राला नवी सुई बसवून दाखवली. बापानं खोक्यावर तळहात ठेवला, थोडा थांबला, मान हलवली. दुकानदारानं सुई परत डबीत ठेवून ती कागदात गुंडाळली आणि पुडी हातात धरून तो वाट पाहत उभा राहिला. नेहमीचं वाक्य यायचं होतं, बायकोनं रेकॉर्डा घालवल्या ते. ते ऐकून दुकानदार दर वेळी "असू द्या काका" म्हणायचा.

बाप काही बोलला नाही. हात पुढं करून त्यानं पुडी घेतली, सदऱ्याच्या खिशात घातली, वरून खिसा चाचपून पाहिला आणि आल्या वाटेनं घरी निघाला.