परत गाडीत बसणारी मुलगी

शाळेतून आलेला कागद मी आधी फ्रिजवर चिकटवला आणि मग वाचला. हे माझं नेहमीचंच. पाचवीच्या मुलांचा इतिहासाचा कार्यक्रम होता. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरची अनाथ आणि गरीब मुलं आगगाडीत बसवून पश्चिमेकडे पाठवत. गावोगावी त्यांना फलाटावर नाहीतर चर्चमध्ये ओळीनं उभं करायचे, आणि शेतकरी येऊन हवं ते मूल निवडून घरी न्यायचे. उरलेली मुलं परत गाडीत बसून पुढच्या गावाला. न्यूयॉर्कजवळच्या आमच्या पार्सिपनी गावातल्या शाळेनं हाच प्रसंग बसवायला घेतला होता. मुलं अनाथ होणार होती आणि काही पालक शेतकरी.

माझी मुलगी दत्तक आहे. कागद वाचून माझं डोकंच फिरलं.

"अगं, टीचरला काय माहीत?" नवरा म्हणाला. "ईमेल कर. पण शांतपणे."

ईमेल मी केली, शांतपणे मात्र नाही. टीचरचं उत्तर तासाभरात आलं. तिनं मनापासून माफी मागितली होती. मुलीला कार्यक्रमातून वगळता येईल, असंही लिहिलं होतं. पण एक सांगायला हवं, असं म्हणून तिनं पुढं लिहिलं होतं, की कोणीच न निवडलेल्या मुलीचं काम वर्गात कुणालाच नको होतं, आणि तुमच्या मुलीनं ते हात वर करून मागून घेतलंय.

तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

दत्तक असल्याचं आम्ही तिच्यापासून कधी लपवलं नव्हतं. लहान असताना रविवारी केसांना तेल लावून घेताना ती 'माझी गोष्ट' मागायची. नागपूरच्या एका संस्थेत खूप बाळं होती, आणि त्या सगळ्यांतून आई-बाबांनी तुला निवडलं. का? कारण तूच आमची होतीस. या गोष्टीचा मला भारी अभिमान होता. इथल्या मैत्रिणींनाही मी शहाणपणा शिकवायचे, की मुलांना असं सांगावं, त्यांना बरं वाटतं.

खूप बाळं वगैरे काही नव्हती. त्या वेळी आम्हाला कॉम्प्युटरवर दोनच मुलींची माहिती आली होती आणि चार दिवसांत एक ठरवायची होती. एक ही. दुसरी हिच्याहून दोन महिन्यांनी मोठी, फोटोत जीभ बाहेर काढून हसणारी. तिच्या डॉक्टरी कागदावर एक ओळ जास्त होती: हृदयात बारीक छिद्र, बहुधा आपोआप बुजेल. आम्ही ओळखीच्या डॉक्टरला फोन केला. इन्शुरन्समध्ये काय काय बसतं ते वाचून काढलं. चौथ्या दिवशी नवऱ्यानं बटण दाबलं, माझा हात त्याच्या खांद्यावर होता. त्यानंतर आम्ही दोघांनी त्या दुसऱ्या मुलीचा विषय एकदाही काढला नाही.

कार्यक्रमाच्या आधीचे दोन आठवडे मला जेवण गेलं नाही. मुलगी ताटावर बसली की रोज काहीतरी नवीन सांगायची.

"आई, ते फार्मर्स मुलांचे दंड दाबून बघायचे. दात पण चेक करायचे."

"भात घे," मी म्हणायचे.

"आणि खूप मुलांचे आई-बाबा होते, यू नो. फक्त पुअर होते."

मी पुढच्या प्रश्नाची वाट बघायचे. तो यायचा नाही. ती भात कालवत राहायची.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तिला जुन्या काळच्या दोन वेण्या घालायच्या होत्या. मी तिला स्टुलावर बसवून भांग पाडला.

"माझी गोष्ट सांग," ती म्हणाली. वर्षभरात तिनं ती मागितली नव्हती.

मी सांगायला लागले. एक वेणी होईतो गोष्टही संपत आली. "आणि आई-बाबांनी तुला निवडलं."

"मग जिला नाही निवडलं, ती?"

माझे हात थांबले. तिचे केस माझ्या मुठीत होते, त्यामुळे तिला ते कळलंच.

"खूप बाळं होती ना..."

"किती? एक्झॅक्टली?"

खोटं माझ्या तोंडात तयार होतं, नऊ वर्षं घोटलेलं. "दोन," मी म्हणाले. मग सगळंच सांगितलं. दोन महिने, हसरा फोटो, हृदयाची ओळ. तिची मान ताठ झाली होती. चेहरा मला दिसत नव्हता, आणि समोर जायची माझी हिंमत नव्हती.

"म्हणजे तुम्ही दात बघितलेत," ती इंग्रजीत म्हणाली.

"हो. आम्ही घाबरलो होतो. त्याची मला लाज वाटते. तुला आणल्याची नाही."

"तिला मग कोणी घेतलं?"

"माहीत नाही. आम्ही विचारलं नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

तिनं सुटे केस खांद्यावरून मागे टाकले. "दुसरी वेणी राहिलीये," ती म्हणाली.

गाडीत ती मागच्या सीटवर बसली. कार्यक्रमात प्रत्येक मुलाच्या गळ्यात एक पुठ्ठ्याची पाटी असणार होती, त्यावर वय आणि त्याला काय येतं ते. तिनं दप्तरातून आपली पाटी काढली आणि हाताचा आडोसा करून त्यावर मार्करनं काहीतरी लिहिलं. मी आरशात बघितलं तसा तिनं हात आणखी वाकवला.

शाळेच्या जिममध्ये रंगवलेल्या खोक्यांची आगगाडी उभी केली होती. मी पहिल्या रांगेत बसले, नवरा ऑफिसातून धावतपळत आला. मोठ्या टोप्या घातलेले पालक ओळीसमोरून फिरले, कुणाचे दंड दाबले, लोक हसले. एकेक मूल हात धरून निघून गेलं. शेवटी माझी मुलगी एकटी उरली, दोन घट्ट वेण्या घालून, आणि तिची पाटी मला नीट वाचता आली.

तिला दहा पूर्ण होऊन आठवडाच झाला होता. पाटीवर लिहिलं होतं, वय दहा वर्षं दोन महिने. त्याखाली आधी लिहिलेलं 'शिवणकाम येतं' खोडून लिहिलं होतं, हृदय आता बरं आहे.

नवऱ्यानं ते वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. शिट्टी झाली. ती गाडीत चढून खोक्याच्या खिडकीशी बसली आणि आम्हा दोघांकडे बघत राहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात उचलले गेले नाहीत.